डोळे चांगले होते, रक्तात मात्र काही उरलं नव्हतं : केपटाउनच्या गोवरच्या मुलांचं प्रकरण

गोवराचं मूल आलं की आमच्याकडे नवीन जॉइन झालेल्या सिस्टर एक प्रश्न हमखास विचारतात, मॅडम, याचे डोळे तर चांगले आहेत, आई म्हणते रात्रीचं पण नीट दिसतं, मग व्हिटॅमिन ए कशाला द्यायचं? प्रश्न चुकीचा नाहीच, कारण शाळेपासून आपल्या डोक्यात तेच बसलंय, व्हिटॅमिन ए कमी म्हणजे रातांधळेपणा, बुबुळाशेजारी पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखे ठिपके, आणि डोळ्याला काही नाही म्हणजे मुलाला काही कमी नाही. मी उत्तर दरवेळी एकाच प्रकरणातून देते, दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनचं, आणि तोंडी सांगून सांगून वाटलं की एकदा नीट लिहून काढावं म्हणजे ज्यांना लागेल त्यांच्या हातात राहील.

काळ १९८० च्या दशकाचा. लस होती पण सगळ्यांपर्यंत पोचलेली नव्हती, आणि गोवराची मुलं हॉस्पिटलात भरती होत होती, नुसतं पुरळ आणि ताप घेऊन नाही तर न्यूमोनिया घेऊन, जुलाब घेऊन, कित्येकदा दोन्ही एकदम. ग्रेगरी हसी आणि मॅक्स क्लाइन या दोन डॉक्टरांनी अशी १८९ मुलं अभ्यासात घेतली. मधलं वय, म्हणजे मीडियन, फक्त १० महिने. हा आकडा वाचून जरा थांबा, कारण गोवराची केस म्हटलं की डोळ्यासमोर शाळेतलं मूल येतं, इथे मात्र अजून धड उभं न राहणारी बाळं होती, आईकडून मिळालेलं संरक्षण संपत आलेलं आणि लशीचं वय नुकतंच आलेलं किंवा आलंच नव्हतं अशी.

या मुलांचे दोन गट केले. ९२ मुलांना तोंडाने व्हिटॅमिन ए दिलं, सगळं मिळून ४ लाख युनिट, आणि पुरळ उठल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरुवात केली. उरलेल्या ९७ मुलांना दिसायला तसंच पण आत औषध नसलेलं काहीतरी दिलं, म्हणजे प्लासिबो. कोणाला काय मिळतंय हे ना घरच्यांना माहीत ना उपचार करणाऱ्यांना. बाकीचे उपचार दोन्हीकडे सारखेच, कोणाचं औषध कमी केलेलं नव्हतं, फरक होता तो फक्त त्या थोड्याशा तेलकट औषधाचा.

न्यूमोनिया बरा व्हायला व्हिटॅमिन ए मिळालेल्या मुलांना सरासरी ६.३ दिवस लागले, न मिळालेल्यांना १२.४ दिवस. जुलाब थांबायला ५.६ दिवस विरुद्ध ८.५ दिवस. क्रूप, म्हणजे घसा आणि श्वासनळी सुजून कुत्रं भुंकल्यासारखा खोकला येतो आणि श्वास आत घेताना आवाज होतो ते, इकडे १३ मुलांना आणि तिकडे २७ मुलांना. हॉस्पिटलात राहावं लागलं ते १०.६ दिवस आणि १४.८ दिवस. आणि एकूण १२ मुलं दगावली, त्यातली १० प्लासिबोच्या गटातली होती, २ व्हिटॅमिन एच्या. मृत्यू किंवा मोठी गुंतागुंत होण्याचा धोका निम्म्यावर आला.

कागदावर ६ दिवसांचा फरक छोटा वाटतो हो, पण ज्यांनी न्यूमोनियाचं बाळ मांडीवर घेऊन रात्र काढलीय त्यांना विचारा, बाळाच्या बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात, ते दूध ओढायला जातं आणि दम लागून सोडून देतं, परत तोंड लावतं, परत सोडतं. हे १२ दिवसांऐवजी ६ दिवसांत संपलं तर त्या बाळाचं वजन किती वाचलं, आईचं दूध टिकलं की आटलं, बापाचा किती दिवसांचा खाडा वाचला, घरी ठेवलेल्या मोठ्या भावंडांना कोण बघत होतं, हे सगळं त्या एका आकड्यात येतं. त्या १० बाळांबद्दल मी दरवेळी वाचते तेव्हा पोटात कालवतं, कारण ती मुलं त्या वेळच्या चांगल्यातल्या चांगल्या उपचारावर होती आणि तरी गेली.

आता सिस्टरांच्या प्रश्नाकडे येते. त्या भागात व्हिटॅमिन एच्या कमतरतेमुळे डोळे बिघडलेली मुलं क्वचितच दिसायची, म्हणजे बाहेरून बघून कोणीही म्हटलं असतं की इथे ही अडचण नाही. पण रक्त तपासलं तर सरासरी रेटिनॉल, म्हणजे रक्तातलं व्हिटॅमिन ए, निघालं डेसिलिटरमागे ११.६ मायक्रोग्रॅम. २० च्या खाली गेलं की कमी धरतात. १०० पैकी ९२ मुलं त्या २० च्या खाली होती. डोळ्यात काही नाही आणि रक्तात त्या २० च्या जवळजवळ निम्मं. डोळ्याची लक्षणं ही फार उशिराची गोष्ट आहे, विहीर कोरडी पडल्यावर तळ दिसतो तसं, पाणी कधीपासून खाली जात होतं ते वरून बघणाऱ्याला कळत नाही.

इथे एक शंका एका हुशार विद्यार्थिनीने मला विचारली होती आणि ती अगदी बरोबर आहे. ती म्हणाली मॅडम, ताप आला, इन्फेक्शन झालं की रक्तातलं रेटिनॉल तसंही खाली येतं, मग ही ९२ टक्के मुलं आधीपासून कुपोषित होती असं कशावरून? खरंय. व्हिटॅमिन एचा साठा यकृतात असतो आणि तिथून रक्तात यायला त्याला एक प्रोटीन वाहून आणतं, जोराचं इन्फेक्शन झालं की ते प्रोटीनच कमी होतं, त्यामुळे काही मुलांच्या यकृतात थोडाफार साठा असेलही पण तो बाहेर येत नाही, घरात डब्यात तांदूळ आहे आणि डब्याचं झाकण उघडत नाही अशी गत. वर तापात शरीराला ते जास्त लागतं, आणि एरवी जात नाही ते गंभीर आजारात लघवीतूनही वाया जातं. म्हणजे आधीपासून साठा कमी असलेलं बाळ असो की साठा अडकून पडलेलं बाळ असो, ऐन लढाईच्या आठवड्यात दोघंही रिकामी. तोंडाने मोठा डोस दिला की तो आतड्यातून चरबीच्या कणांबरोबर रक्तात जातो आणि ते प्रोटीन कमी असलं तरी त्यातलं बरंच काही पेशींपर्यंत पोचतं, म्हणून तो उपयोगी पडत असावा असं समजलं जातं. डोस द्यायचा की नाही हे ठरवायला रक्त तपासायची गरज नाही, डोळे तपासायचीही नाही (डोळे तपासायचे ते तिसऱ्या डोससाठी, त्यावर खाली लिहिते).

आणि गोवरातच हे एवढं का भोवतं? व्हिटॅमिन ए कशासाठी लागतं तर शरीराची आतली अस्तरं ओली आणि जिवंत ठेवायला, श्वासनळीचं अस्तर, आतड्याचं, डोळ्याच्या बुबुळाचं. ते कमी पडलं की या अस्तरातल्या चिकट स्राव बनवणाऱ्या पेशी जातात आणि तिथे कातडीसारखा कोरडा थर यायला लागतो. गोवराचा विषाणू नेमका याच अस्तरांवर घाव घालतो, आणि वरून प्रतिकारशक्तीच्या पेशीही मारतो, त्यामुळे गोवर उतरला तरी पुढचे कित्येक आठवडे दुसरे जंतू मोकाट सुटतात. एका बाजूने भिंत पाडणारा आला आणि दुसऱ्या बाजूने भिंत बांधणारा गवंडी गायब. म्हणून गोवराने मूल मरतं ते बहुतेक वेळा न्यूमोनियाने किंवा जुलाबाने मरतं, आणि जगलं तर कधी कधी डोळे गमावून जगतं, आफ्रिकेत लहान मुलांच्या आंधळेपणाचं गोवर हे कितीतरी वर्षं मोठं कारण होतं. दक्षिण आफ्रिकेतच डर्बनला १९९१ च्या सुमारास ६० मुलांवर असाच अभ्यास झाला, तिथे व्हिटॅमिन ए मिळालेल्या मुलांमध्ये गोवराविरुद्धच्या अँटिबॉडी आणि लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जास्त दिसल्या, म्हणजे फायदा नुसत्या अस्तराचा नाही.

मला या प्रकरणात सगळ्यात लागते ती गोष्ट वेगळीच आहे. हे केपटाउनला पहिल्यांदा कळलं असं नाहीये! १९३२ साली लंडनमध्ये ग्रोव्ह हॉस्पिटलात एलिसन नावाच्या डॉक्टरने गोवर झालेली पाच वर्षांखालची ६०० मुलं घेतली, ३०० ना व्हिटॅमिन ए असलेलं औषध, ३०० ना नाही. न दिलेल्यांत २६ मुलं गेली, दिलेल्यांत ११. अँटिबायोटिक नव्हती तेव्हा. छापून आलं, लोकांनी वाचलं, आणि मग सल्फाची औषधं आली, पेनिसिलिन आलं, श्रीमंत देशांत गोवराने मुलं मरायची कमी झाली आणि हा कागद कपाटात गेला. पन्नासेक वर्षं. गरीब देशांतली मुलं या पन्नास वर्षांत मरतच होती.

मधे इंडोनेशियात आल्फ्रेड सॉमर हे डोळ्याचे डॉक्टर मुलांच्या डोळ्यांचा अभ्यास करत होते, तर त्यांच्या लक्षात आलं की डोळ्याची अगदी सौम्य लक्षणं असलेली मुलं पुढच्या तपासणीला येतच नाहीत कारण ती वारलेली असतात, चांगल्या डोळ्यांच्या मुलांच्या साधारण चौपट प्रमाणात. हे १९८३ ला छापून आलं आणि खूप जणांनी विश्वास ठेवला नाही, एक जीवनसत्त्व एवढं कसं करेल म्हणून. मग टांझानियातल्या म्वुमी गावच्या मिशन हॉस्पिटलात गोवराच्या १८० मुलांचा अभ्यास, १९८७ ला प्रसिद्ध झाला, ९२ मुलांना नेहमीचे उपचार त्यात १२ गेली, ८८ ना व्हिटॅमिन ए त्यात ६ गेली. दोन वर्षांखालच्यांत ७ विरुद्ध १. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने मिळून सांगितलं की जिथे गोवराने १०० तलं एक किंवा जास्त मूल मरतं तिथे गोवराच्या मुलांना व्हिटॅमिन ए द्या. तरी शंका राहिल्या, संख्या लहान आहे, योगायोग असेल वगैरे. केपटाउनचा पेपर जुलै १९९० ला आला आणि त्याने या शंका बऱ्याचशा मिटवल्या, कारण कोणाला काय मिळतंय हे कोणालाच माहीत नव्हतं, हॉस्पिटल चांगलं, आणि मृत्यूच नाही तर न्यूमोनिया, जुलाब, क्रूप, राहण्याचे दिवस असं सगळं एकाच दिशेला बोट दाखवत होतं.

हसी आणि क्लाइन तिथेच थांबले नाहीत म्हणून मला त्यांचं जास्त कौतुक आहे. गोवराच्या प्रत्येक भरती मुलाला हा डोस द्यायचा नियम झाल्यावर त्यांनी जुन्या आणि नव्या केसपेपरांची तुलना केली, नियमाच्या आधीच्या वर्षांची आणि नंतरच्या. आधी १०० मागे ५ मुलं जात होती, नंतर १.६. आयसीयू लागणाऱ्यांचं प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ४.३ वर. आता हा काही गट पाडून केलेला प्रयोग नाही, मधल्या काळात बाकीही गोष्टी सुधारल्या असतील, हे धरूनसुद्धा मला हे महत्त्वाचं वाटतं कारण प्रयोगात चाललेली गोष्ट रोजच्या गर्दीच्या वॉर्डात चालतेच असं नाही, आणि इथे चालली.

आता आपल्याकडे. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडीकडे गोवराची साथ आली, भिवंडी, मालेगावलाही आली, मुलं दगावली, केंद्राचं पथक आलं, ६ ते ९ महिन्यांच्या बाळांनाही साथीच्या भागात लशीचा जादा डोस द्यायचं ठरलं, आणि ताप-पुरळाच्या मुलांना व्हिटॅमिन ए देणं सुरू झालं. डोस असा आहे, सहा महिन्यांखाली ५० हजार युनिट, सहा महिने ते वर्षाच्या आत १ लाख, वर्षाच्या पुढे २ लाख, आणि हाच डोस दुसऱ्या दिवशी परत. डोळ्याची लक्षणं असतील तर चार ते सहा आठवड्यांनी तिसरा. केपटाउनला ४ लाख दिलं होतं, दहा महिन्यांच्या बाळाला आता एवढं देत नाहीत हे लक्षात असू द्या.

खरी गडबड दुसऱ्या डोसला होते. पहिला डोस आपल्यासमोर होतो, बाटलीबरोबर येणारा तो प्लॅस्टिकचा छोटा चमचा, त्यावर १ मिलीची खूण आणि २ मिलीची खूण, १ मिली म्हणजे १ लाख, पिवळंधमक तेलकट औषध, बाळ तोंड वाकडं करतं आणि अर्धं ओठावर येतं ते बोटाने परत आत ढकलावं लागतं. दुसऱ्या दिवशी मात्र आई येत नाही, कारण बाळाचा ताप जरा कमी आलेला असतो किंवा तिला कामावर जायचं असतं किंवा बाळाला बाहेर काढायचं नाही असं घरात ठरलेलं असतं. आणि वेगवेगळ्या अभ्यासांचा एकत्र हिशोब केला तेव्हा दिसलं की दोन वर्षांखालच्या मुलांत मृत्यू कमी झाले ते दोन डोस दिले तिथे, एकाच डोसचा तसा फायदा दिसला नाही. म्हणजे दुसरा डोस चुकला तर आपण समाधान करून घेतो की दिलं, पण त्या बाळाला जे मिळायला हवं होतं ते मिळालेलंच नसतं.

दुसरी गोष्ट पथ्याची, आणि ही मी फार जपून बोलते कारण त्यात लोकांची श्रद्धा आहे. घरात गोवर आला की देवी आली म्हणतात, दाराला कडुलिंबाचा डहाळा, मुलाला वेगळं निजवायचं, हे सगळं ठीक आहे, वेगळं निजवणं तर चांगलंच आहे. पण फोडणी बंद करतात. तेलाचा थेंब नाही, तूप नाही, अंडं नाही, पातळ पेज आणि साखरपाणी. व्हिटॅमिन ए चरबीत विरघळतं, जेवणात स्निग्ध काही नसेल तर पालेभाजीतलं, गाजरातलं, लाल भोपळ्यातलं जे काही मिळायचं ते नीट शोषलंच जात नाही, म्हणजे ज्या आठवड्यात सगळ्यात जास्त गरज त्याच आठवड्यात दरवाजा बंद. एका आजीने मला सांगितलं होतं, "बाई, फोडणीचा वास देवीला चालत नाही, पोरीला त्रास होईल." मी म्हटलं आजी, फोडणी नका देऊ, वास नको, वरणभातावर कच्चंच तूप घालून द्याल का? त्या जरा विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "तूप चालेल, तूप तर नैवेद्याला पण असतं." मी त्या दिवसापासून प्रत्येक घरात हेच सांगते. अंगावरचं पिणारं बाळ असेल तर पाजणं अजिबात थांबवू नका, उलट जास्त वेळा पाजा.

एका गोष्टीची गल्लत होते ती सांगते. गोवर झालेल्या मुलाला उपचार म्हणून देणं वेगळं आणि सगळ्याच मुलांना दर सहा महिन्यांनी देणं वेगळं. आपल्या कार्यक्रमात नवव्या महिन्याला लशीबरोबर १ लाख, मग दीड वर्षाच्या आसपास २ लाख, मग दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत, एकूण नऊ डोस. या दुसऱ्या गोष्टीवर तज्ञांमध्ये वाद आहे, उत्तर प्रदेशात दहा लाख मुलांवर झालेला मोठा अभ्यास २०१३ ला आला त्यात मृत्यूंमध्ये ठळक फरक दिसला नाही, तर त्याआधी तामिळनाडूत दर आठवड्याला छोटा डोस दिलेल्या मुलांत मृत्यू निम्म्याहून कमी झाले होते, तो १९९० चा. हा वाद चालू राहू दे, पण त्याचा हवाला देऊन गोवराच्या मुलाचा डोस कोणी अडवला तर मी ऐकून घेत नाही.

आणि उलटी चूकही होते. व्हिटॅमिन ए म्हणजे गोवराची लस नाही, त्याने गोवर होणं थांबत नाही. २०२५ मध्ये अमेरिकेत टेक्सासला मोठी साथ आली, लस न घेतलेली दोन मुलं तिथे गेली, आणि काही घरांत लशीऐवजी व्हिटॅमिन ए घरच्या घरी देत राहिले तेव्हा मुलं हॉस्पिटलात आली ती यकृतावर परिणाम झालेली. हे पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व नाही की जास्तीचं लघवीतून जाईल, ते यकृतात साठत जातं. दोन दिवस, दोन डोस, मोजून, तेही कार्डावर तारीख लिहून. घरात मेडिकलमधून कॅप्सूल आणून देऊ नका, आणि गरोदर बाईने तर हा मोठा डोस चुकूनही घ्यायचा नाही. लहान बाळाला डोसनंतर एखादी उलटी झाली किंवा टाळू जरा फुगीर वाटली तर बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत उतरते, तरी दाखवून घ्यायचं.

आमच्याकडे आता असं ठरवलंय की पहिला डोस दिला की कार्डावर दुसऱ्या डोसची तारीख लाल पेनाने लिहायची आणि त्याच वेळी आशाताईंना फोन करायचा, आई येईल असं धरून चालायचंच नाही. परवा त्या आजींच्या घरी आशाताई सकाळी साडेआठला गेल्या, पोरगी अकरा महिन्यांची, अंगावरचं पुरळ तपकिरी पडायला लागलेलं, डोळे चिकटलेले पण बुबुळ स्वच्छ. १ मिलीच्या खुणेपर्यंत चमचा भरला, आजींनी पोरीचं डोकं धरलं, आईने गाल दाबून तोंड उघडलं. थोडं हनुवटीवर आलं तेही पुसून आत घातलं. मग ताईंनी कार्डावर दुसऱ्या चौकटीत तारीख लिहिली आणि मला फोटो पाठवला, त्यात मागे स्टोव्हवर वरणाचं पातेलं दिसतंय आणि बाजूला तुपाची वाटी.